मेल सर्व्हरला व्हॉइसमेल जोडताना: भार नेमका कुठे पडतो आणि तो कसा सांभाळावा

ऑफिसच्या ईपीएबीएक्सवर (अंतर्गत फोन-व्यवस्थेवर) ठेवलेले निरोप थेट ईमेलच्या इनबॉक्समध्ये यावेत, ही मागणी आली की पहिली चिंता डिस्कची असते: ऑडिओ फाइली मोठ्या, मग जागा पुरेल का? जागेचा प्रश्न खरा आहे, पण तो सगळ्यात सोपा. दुपारी गणित मांडले की संध्याकाळी सुटतो. अडचण येते ती वेळेची. ईमेल रांगेत दहा सेकंद थांबला तरी कुणाला कळत नाही. फोनवर निरोप ऐकायला एक दाबल्यानंतर तीन सेकंद शांतता पसरली, तर माणूस फोन ठेवून देतो आणि 'सिस्टीम बंद आहे' अशी तक्रार करतो. थांबण्याची मुभा असलेले काम आणि थांबता न येणारे काम एकाच यंत्रावर बसवले की दोन्ही बिघडतात. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच सूत्र आहे: आवाजाचा मार्ग आणि मेलचा मार्ग यांच्यामध्ये एक रांग ठेवा.

उदाहरणासाठी ३०० एक्स्टेंशनचे एक ऑफिस धरले आहे. ईपीएबीएक्स अॅस्टरिस्क या फोन-सॉफ्टवेअरवर, मेल पोस्टफिक्स (ईमेल घेणारे आणि पाठवणारे) आणि डव्हकॉट (पेट्या सांभाळणारे) यांवर. डव्हकॉटच्या सेटिंगची नावे २.३ मालिकेतली आहेत. २.४ मध्ये कॉन्फिगरेशनची मांडणी बदलली आहे, तेव्हा तिथे नावे पडताळून घ्या.

पायरी १: रचना ठरवा

रस्ते तीन आहेत.

पहिला, निरोप रेकॉर्ड झाला की तो ईमेलला जोडून एसएमटीपीने, म्हणजे ईमेल पाठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीने, पाठवायचा. ईपीएबीएक्सचे काम तिथे संपते. मेल सर्व्हर बंद असला तरी निरोप घेता येतो, कारण मेल रांगेत थांबतो. यातली उणीव एकच: ईमेल वाचला तरी फोनवरचा निरोपाचा दिवा विझत नाही.

दुसरा, निरोपांचा साठाच आयमॅप सर्व्हरवर, म्हणजे ईमेलच्या पेट्या जिथून वाचल्या जातात तिथे, ठेवायचा. अॅस्टरिस्कच्या व्हॉइसमेल मॉड्यूलची आयमॅप आवृत्ती हे करते. एकच प्रत राहते, मेलमध्ये ऐकले की दिवा विझतो, फोनवर खोडले की मेलमधूनही जाते. वापरणाऱ्याला हेच आवडते. पण इथे फोनवर थांबलेला माणूस मेल सर्व्हरच्या गतीवर अवलंबून राहतो.

तिसरा रस्ता मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजचा होता. एक्स्चेंज २००७ मध्ये युनिफाइड मेसेजिंग (व्हॉइसमेल ईमेलच्या पेटीत आणणारी सोय) आले. २००७ आणि २०१० मध्ये ती स्वतंत्र सर्व्हर भूमिका होती, २०१३ मध्ये ती इतर भूमिकांत विरघळवली आणि एक्स्चेंज २०१९ मधून काढूनच टाकली. एक्स्चेंज २०१६ चे विस्तारित पाठबळही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. तेव्हा नवी उभारणी या रस्त्याने करू नये. जुनी चालू असेल, तर तिच्यातून बाहेर पडण्याचे नियोजन पहिल्या दोन रस्त्यांपैकी एकावर आणावे.

आमचा कौल पहिल्या रस्त्याला आहे. दिव्याच्या सोयीसाठी दुसरा हवाच असेल तर पायरी ६ नीट वाचूनच त्यावर जा.

पायरी २: आधीचा भार मोजून ठेवा

जोडणी करण्यापूर्वी किमान पाच कामकाजाचे दिवस आकडे गोळा करा, त्यात सोमवार असलाच पाहिजे. नंतर 'मेल मंदावला' अशी ओरड झाली की तुलनेला हेच आकडे लागतात. ते नसले तर वाद होतो, निदान होत नाही.

पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये प्रत्येक पोचवणुकीच्या ओळीत 'डिलेज' या नावापुढे तिरप्या रेघांनी वेगळे केलेले चार आकडे असतात. पहिला, रांग-व्यवस्थापकाकडे येईपर्यंतचा वेळ. दुसरा, रांगेत बसून गेलेला वेळ. तिसरा, पुढच्या सर्व्हरशी जोडणी होण्याचा. चौथा, प्रत्यक्ष मजकूर जाण्याचा. या चारांची दर तासाची मध्यक आणि सर्वाधिक मूल्ये टिपा. दुसरा आकडा वाढत असेल तर पुढच्या टप्प्याच्या प्रक्रिया अपुऱ्या पडत आहेत. चौथा वाढत असेल तर तपासणी किंवा डिस्क.

सोबत 'आयओस्टॅट' ही डिस्कचे काम मोजणारी आज्ञा विस्तृत रूपात चालवून डिस्कवर लिहिण्याचा सरासरी थांबा पाहा. ७२०० फेऱ्यांच्या फिरत्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची असते, म्हणून डिस्कवर पक्के लिहून घेण्याच्या क्रिया तिच्यावर सेकंदाला शंभरेकच बसतात. मेल सर्व्हर प्रत्येक ईमेलमागे अशा अनेक क्रिया करतो. रांगेची डिस्क अजून फिरती असेल, तर या प्रकल्पाच्या खर्चात वीज गेल्यावरही लिहिलेले सांभाळणारी एसएसडी आधी धरा.

पायरी ३: गणित मांडा

उदाहरणातले गृहीतक: माणशी दिवसाला ३ निरोप, सरासरी लांबी ४० सेकंद. म्हणजे दिवसाला ९०० निरोप, एकूण ६०० मिनिटे आवाज. सर्वाधिक गर्दीच्या तासात दिवसाचा पाचवा हिस्सा येतो असे धरले, तर त्या तासात १८० निरोप. तुमचे आकडे कॉल रेकॉर्डमधून काढा, अंदाजाने घालू नका.

आधी वाहिन्या, म्हणजे एका वेळी किती कॉल चालू शकतात ते. एका निरोपामागे ४० सेकंद रेकॉर्डिंग आणि २० सेकंद स्वागत-सूचना धरली, तर १८० गुणिले ६० म्हणजे १०,८०० सेकंद, अर्थात ३ अरलँग (एक अरलँग म्हणजे एक वाहिनी तासभर सतत व्यस्त). निम्मे लोक फोनवरूनच ऐकतात आणि मेनूसह ७० सेकंद घेतात असे धरले, तर आणखी १.७५ अरलँग. एकूण ४.७५. अरलँग बी सूत्राने शंभरात एकाहून कमी कॉल नाकारले जावेत असे पाहिले तर ११ वाहिन्या लागतात. दहावर हे प्रमाण १.४ टक्के येते, अकरावर ०.६.

जी.७११ या टेलिफोनच्या नेहमीच्या आवाज-पद्धतीत एका कॉलला इथरनेटवर एका दिशेला ८७.२ किलोबिट प्रति सेकंद लागतात. अकरा कॉलचे साधारण ९६० किलोबिट होतात, म्हणजे आजच्या नेटवर्कला किरकोळ. पॅकेट मात्र प्रत्येक कॉलमागे दर दिशेला सेकंदाला ५० असतात आणि प्रत्येक २० मिलिसेकंदांच्या ठोक्यावर यावे लागते. प्रोसेसर दुसऱ्या कामात गुंतून हा ठोका चुकला की आवाज तुटतो. मेल सर्व्हरच्याच यंत्रावर अॅस्टरिस्क बसवू नये, याचे मुख्य कारण हे.

बाहेरून येणाऱ्या कॉलना वरची मर्यादाही असते. आपल्याकडे एका पीआरआय (डिजिटल टेलिफोन) लाइनवर ३० वाहिन्या असतात. एकच पीआरआय असेल तर बाहेरचे ३१ जण एकाच वेळी निरोप ठेवूच शकत नाहीत. चाचणीतला वाईटातला वाईट प्रसंग ठरवताना हा आकडा उपयोगी पडतो.

आता जागा. ईमेलला जोडताना फाइल बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत, बदलते. दर ५७ बाइटची ७८ बाइटांची ओळ होते, म्हणजे सुमारे ३७ टक्के वाढ. ती धरून एका मिनिटाच्या निरोपाचे आकार असे:

साधी वेव्ह, १६ बिट, ८ किलोहर्ट्झ: मूळ ९६० केबी, ईमेलमध्ये १.३१ एमबी.
जी.७११: मूळ ४८० केबी, ईमेलमध्ये सुमारे ६५७ केबी.
एमपी३, १६ किलोबिट: मूळ १२० केबी, ईमेलमध्ये सुमारे १६४ केबी.
जीएसएम पद्धतीने दाबलेला आवाज भरलेली वेव्ह, जिला अॅस्टरिस्क 'वेव्ह ४९' म्हणतो: मूळ ९७.५ केबी, ईमेलमध्ये सुमारे १३३ केबी.

६०० मिनिटांचे रोजचे हिशेब: साधी वेव्ह ७८८ एमबी, एमपी३ ९८ एमबी, वेव्ह ४९ ८० एमबी. महिन्याचे २२ कामकाजाचे दिवस धरले तर १७.३ जीबी विरुद्ध २.२ जीबी विरुद्ध १.८ जीबी. तीन महिने ठेवायचे तर साध्या वेव्हला ५२ जीबी.

हा आकडा एकदाच मोजून थांबू नका. प्रत्येक माणूस तोच ईमेल लॅपटॉपवर आणि मोबाइलवर उतरवतो, बॅकअप आणखी एक प्रत घेतो. साधी वेव्ह ठेवली तर रोज दीड ते अडीच जीबी बाहेर जाणारी रहदारी निव्वळ निरोपांची होते, आणि तीही मुख्यतः सकाळी साडेनऊ ते साडेदहा. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी काय होईल, याचा अंदाज यावरूनच करा.

पायरी ४: फॉरमॅट निवडा

आकाराने वेव्ह ४९ सगळ्यात लहान, पण जीएसएम भरलेली वेव्ह अनेक मोबाइलवर वाजत नाही. लोक निरोप मोबाइलवरच ऐकणार असतील तर एमपी३ घ्या: एक वाहिनी, ८ किलोहर्ट्झ, १६ किलोबिट. टेलिफोनच्या आवाजाला याहून अधिक दर देऊन काही मिळत नाही, कारण मूळ आवाजच ४ किलोहर्ट्झच्या आतला आहे.

अॅस्टरिस्कच्या व्हॉइसमेल कॉन्फिगरेशनमध्ये फॉरमॅटच्या ओळीत उभ्या रेघेने वेगळी केलेली तीन नावे (वेव्ह ४९, जीएसएम, साधी वेव्ह) बऱ्याच ठिकाणी नमुना फाइलमधून जशीच्या तशी राहिलेली असतात. तीन नावे असली की प्रत्येक निरोपाच्या वेळी तीन फाइली एकाच वेळी लिहिल्या जातात आणि जीएसएमचे एन्कोडिंग दोनदा होते. ईमेलला मात्र पहिलीच जोडली जाते. एकच नाव ठेवा. एमपी३ करायचे असेल किंवा मजकूर उतरवून घ्यायचा असेल तर ते नाव साध्या वेव्हचे असू द्या आणि रूपांतर नंतर करा. जीएसएममधून पुन्हा एमपी३ केली तर आवाज दोनदा खराब होतो.

पायरी ५: पहिला रस्ता, टप्प्याटप्प्याने

ईपीएबीएक्सच्या यंत्रावरच एक छोटा पोस्टफिक्स बसवा, जो कुणाचे ईमेल घेत नाही, फक्त स्वतःचे मुख्य सर्व्हरकडे पाठवतो. आपल्याला हवी असलेली रांग हीच. मुख्य सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद असला तरी मूळ सेटिंगनुसार इथे ईमेल पाच दिवस थांबतो. तो परतण्याआधी सर्व्हर सुरू झाला की आपोआप जातो. ही रांग नसेल आणि ईमेल पाठवल्यावर मूळ निरोप खोडण्याची सेटिंग चालू असेल, तर निरोप कायमचा गेला. अॅस्टरिस्क ईमेल पाठवण्याची आज्ञा पार्श्वभूमीवर सोडून देतो आणि तिचे काय झाले याची वाट न पाहता फाइल खोडतो.

मग कमाल लांबी ठरवा. पोस्टफिक्सची ईमेलच्या आकाराची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट आहे. साध्या वेव्हमध्ये ही मर्यादा पावणेआठ मिनिटांच्या पुढे ओलांडली जाते. मर्यादा ईपीएबीएक्सवरच्या छोट्या पोस्टफिक्सलाही लागू असते, त्यामुळे मोठा निरोप रांगेत शिरण्याआधीच नाकारला जातो आणि मुख्य सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याचा मागमूस नसतो. निरोपाची कमाल लांबी १८० सेकंद ठेवा, किमान ३ सेकंद. साधी वेव्ह गेली तरी ४ एमबीच्या आत राहते. तीन मिनिटांहून लांब निरोप क्वचितच कुणी ठेवतो. जो ठेवतो त्याला ईमेल लिहिता येतो.

अॅनालॉग लाइन असतील तर एक दोष हमखास भेटतो. बोलणाऱ्याने फोन ठेवला तरी टेलिफोन एक्सचेंजकडून लाइन तुटल्याची खूण मिळत नाही आणि अॅस्टरिस्क व्यस्त-सूर रेकॉर्ड करत राहतो. शांतता ओळखणारी सेटिंग इथे उपयोगाची नाही, कारण सूर म्हणजे शांतता नव्हे. परिणाम: प्रत्येक निरोप पूर्ण १८० सेकंदांचा, वाहिन्या अडकलेल्या आणि ईमेल चौपट मोठे. उपाय डाहदीच्या (अॅस्टरिस्कला लाइनच्या कार्डाशी जोडणाऱ्या भागाच्या) कॉन्फिगरेशनमध्ये आहे: व्यस्त-सूर ओळखणे चालू करा आणि नमुना भारतीय सुराचा द्या, म्हणजे ७५० मिलिसेकंद सूर आणि ७५० मिलिसेकंद खंड. सरासरी लांबी अचानक कमाल मर्यादेशी चिकटलेली दिसली तर आधी हेच तपासा.

एमपी३ रूपांतराची स्क्रिप्ट बहुतेक जण ईमेल पाठवण्याच्या आज्ञेच्या जागी घालतात. प्रत्येक निरोपाला तिची स्वतंत्र प्रत सुरू होते. दहा निरोप एकदम संपले तर दहा एन्कोडर एकदम धावतात, आणि नेमके त्याच वेळी चालू असलेल्या कॉलचा आवाज तुटतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'एफलॉक'ने कुलूप लावा, म्हणजे एका वेळी एकच रूपांतर होईल, आणि तिला 'नाइस'ने सगळ्यात खालचे प्राधान्य द्या. निरोप दहा सेकंद उशिरा पोचला तर काही बिघडत नाही.

मराठीतून विषय आणि मजकूर पाठवायचा असेल तर व्हॉइसमेलच्या कॉन्फिगरेशनमध्ये अक्षरसंच यूटीएफ-८ लिहा. मूळ मूल्य आयएसओ ८८५९-१ आहे आणि त्यात देवनागरीचे प्रश्नचिन्हांत किंवा चिन्हांच्या गर्दीत रूपांतर होते.

आता मुख्य मेल सर्व्हर. इथला सर्वात मोठा भार व्हायरस आणि स्पॅम तपासणीचा असतो. ज्या रचनेत पोस्टफिक्स ईमेल घेतो, अमाविस या तपासणी-सॉफ्टवेअरकडे देतो आणि तो पुन्हा पोस्टफिक्सकडे परत करतो, तिथे तोच ईमेल रांगेत दोनदा आणि शेवटी पेटीत एकदा असा तीनदा डिस्कवर लिहिला जातो. अमाविसच्या मूळ सेटिंगमध्ये काम करणाऱ्या प्रक्रिया दोनच असतात. त्या दोन ऑडिओ उलगडत बसल्या की मागे साधे ईमेल खोळंबतात. 'व्हॉइसमेल आल्यापासून मेल उशिरा येतो' या तक्रारीमागे बहुधा हेच असते, डिस्क नव्हे.

म्हणून ईपीएबीएक्ससाठी मुख्य सर्व्हरवर वेगळे द्वार उघडा. पोस्टफिक्सच्या मास्टर फाइलमध्ये दुसऱ्या पोर्टवर एसएमटीपी सेवेची आणखी एक ओळ घाला. तिच्यापुरती आशय-तपासणी आणि मिल्टर (ईमेल आत घेतानाच तपासणारी जोडणी) रिकामे ठेवा, आणि फक्त ईपीएबीएक्सच्या आयपी पत्त्याला परवानगी द्या. या दारातून फक्त आपल्याच डोमेनच्या पत्त्यांना ईमेल जाऊ शकेल अशी अट घालायला विसरू नका. बाहेरच्या जगाला उघडे असलेले ईपीएबीएक्स फोडले जातात, आणि मग तपासणी नसलेले हे दार स्पॅमवाल्याच्या हाती पडते.

आरस्पॅमडी हे स्पॅम-तपासणीचे सॉफ्टवेअर वापरत असाल तर मिल्टर जोडणीमुळे दुसऱ्यांदा रांगेत लिहिणे मुळातच होत नाही. त्याच कारणासाठी अमाविसवरून तिकडे जाण्याचा विचार या निमित्ताने जरूर करावा.

डव्हकॉटमध्ये सिव्ह या ईमेल आपोआप वेगळे करणाऱ्या नियमाने हे ईमेल 'व्हॉइसमेल' नावाच्या वेगळ्या फोल्डरात टाका. याचे दोन फायदे. त्या फोल्डरापुरता कोटा वाढवून देता येतो, म्हणजे निरोपांमुळे कुणाचे महत्त्वाचे ईमेल परत जात नाहीत. आणि त्याच फोल्डरावर ९० दिवसांची आपोआप खोडण्याची सेटिंग लावता येते. ही खोडणी वापरणाऱ्याचे सत्र बंद होताना होते. जी पेटी कुणी उघडतच नाही, तिच्यासाठी रात्री 'डव्हअॅडम'ची खोडण्याची आज्ञा क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीतून) चालवा.

सगळ्या ऑफिसला एकच निरोप द्यायची सवय असेल तर तो अॅस्टरिस्ककरवी ३०० पेट्यांत टाकू नका. तसे केले की ३०० वेगळे ईमेल तयार होतात, ३०० रूपांतरे होतात आणि रांगेत ३०० नोंदी पडतात. एका सामाईक पेटीत निरोप ठेवा आणि तिचा ईमेल पत्ता समूह-पत्ता करा. रांगेत एकच फाइल राहते.

पायरी ६: आयमॅप साठा हवाच असेल तर

इथे निरोप ऐकायला एक दाबल्यावर अॅस्टरिस्क तो पूर्ण ईमेल आयमॅपवरून उतरवतो, जोडफाइल उलगडून तात्पुरती साठवतो आणि मग वाजवतो. ४० सेकंदांचा साध्या वेव्हचा निरोप ईमेलमध्ये ८७६ केबीचा. ईपीएबीएक्स नाशिकच्या शाखेत, मेल सर्व्हर पुण्यात आणि मध्ये २ मेगाबिटची लाइन असेल, तर ऐकणाऱ्याच्या कानाला साडेतीन सेकंद शांतता. तोच निरोप वेव्ह ४९ मध्ये ८९ केबीचा होतो आणि शांतता ०.४ सेकंदांच्या आत येते. या रस्त्यावर वेव्ह ४९ ला पर्याय नाही. शाखा दूर असेल तर हा रस्ताच नको.

स्वागत-सूचनाही आयमॅपवर ठेवण्याची सोय आहे. ती बंदच ठेवा. चालू असेल तर बाहेरून फोन करणारा प्रत्येक जण, निरोप ठेवण्याआधीच, मेल सर्व्हरची वाट पाहत बसतो.

पुढचा धोका जोडण्यांचा. डव्हकॉटमध्ये लॉगिनची सेवा मूळ रूपात सुरक्षित पद्धतीने चालते, म्हणजे प्रत्येक जोडणीला एक स्वतंत्र प्रक्रिया. टीएलएस (जोडणीचे कूटबद्धीकरण) असेल तर लॉगिन झाल्यावरही ती प्रक्रिया जोडणी संपेपर्यंत अडकून राहते. मूळ मर्यादा १०० प्रक्रियांची. रोजच्या वापरकर्त्यांत ईपीएबीएक्सच्या ३०० पेट्यांची भर पडली की ती ओलांडली जाते आणि लॉगमध्ये प्रक्रिया-मर्यादा गाठल्याची, जोडण्या तोडल्या जात असल्याची ओळ येते. बाधा फक्त व्हॉइसमेलला होत नाही, सगळ्यांचेच ईमेल उघडेनासे होतात. लॉगिन सेवेत एका प्रक्रियेने किती जोडण्या हाताळाव्यात ही संख्या शून्य, म्हणजे अमर्याद करा. त्यामुळे थोड्याच प्रक्रिया अनेक जोडण्या सांभाळतात. त्यासोबत वाढवलेल्या जोडण्यांपुरती आयमॅप सेवेची मर्यादाही तपासा.

हे वादळ नेमके केव्हा येते? वीज जाऊन आल्यावर. तीनशे फोन एकदम सुरू होतात, प्रत्येक जण आपल्या पेटीचा दिवा लावावा का हे विचारतो, आणि ईपीएबीएक्स तेवढी लॉगिन काही सेकंदांत करतो. पासवर्ड महागड्या, म्हणजे गणनेला जड, हॅशमध्ये साठवलेले असतील तर प्रत्येक पडताळणी प्रोसेसरला राबवते. डव्हकॉटची पडताळणी-कॅश चालू करा, १० एमबी आणि एक तास पुरेसे आहे. लोडशेडिंगच्या भागात ईपीएबीएक्स, स्विच आणि मेल सर्व्हर एकाच यूपीएसवर आहेत का, हेही पाहून ठेवा. फोनना स्विचमधून वीज मिळत असेल आणि स्विच यूपीएसवर नसेल तर फोन बंद पडतात आणि हे वादळ रोज येते.

पेट्या ठरावीक वेळाने तपासण्याची सेटिंग मूळ नमुन्यात ३० सेकंदांवर असते. ३०० पेट्या ३० सेकंदांत म्हणजे सेकंदाला दहा चौकशा, दिवसभर, निरोप असो वा नसो. ती १२० सेकंदांवर न्या आणि प्रत्येक तपासणीनंतर आयमॅपमधून बाहेर पडण्याची सेटिंग 'नाही' ठेवा, नाहीतर दर वेळी नवे टीएलएस आणि नवे लॉगिन. दिवा दोन मिनिटे उशिरा विझेल, हे लोकांना आधीच सांगून ठेवा.

पायरी ७: निरोपाचा मजकूर हवा असेल तर

आवाजाचा मजकूर करून ईमेलमध्ये घालणे हा या साऱ्यातला सर्वात जड भाग आहे. ओपनएआयचे व्हिस्पर २०२२ मध्ये खुले झाले आणि त्यात मराठी आहे. मॉडेलचे आकार ३.९ कोटी पॅरामीटरपासून १५५ कोटींपर्यंत. सर्वात लहान मॉडेल इंग्रजीत चालून जातात, पण मराठीत, तेही टेलिफोनच्या अरुंद आवाजावर, त्यांच्याकडून भरवशाचा मजकूर मिळत नाही. मोठे मॉडेल घ्यावे लागते, आणि ते ग्राफिक्स कार्डाशिवाय चालवले तर प्रोसेसर व्यापून टाकते.

व्हिस्पर आवाज ३० सेकंदांच्या तुकड्यांत पाहतो. पाच सेकंदांचा निरोपही ३० सेकंदांचा तुकडा म्हणूनच भरला जातो. म्हणून 'हॅलो, हॅलो' म्हणून ठेवलेले छोटे निरोप इथे अनाठायी महाग पडतात. दहा सेकंदांच्या आतल्या निरोपांना मजकूर करूच नका. शांततेच्या जागी हे मॉडेल न बोललेली वाक्ये घालते, म्हणून आधी शांत भाग कापा आणि ईमेलमध्ये 'यंत्राने उतरवलेला मजकूर' असे स्पष्ट लिहा. रक्कम, तारीख किंवा औषधाचे नाव यावर मजकुरावरून निर्णय घेणे धोक्याचे आहे.

हे काम मेल सर्व्हरवर ठेवू नका आणि ईपीएबीएक्सवरही नको. वेगळे यंत्र घ्या, त्याला मूळ वेव्ह द्या. मजकूर दोन मिनिटांत आला नाही तर ईमेल मजकुराशिवाय जाऊ द्या. वेगळे यंत्र शक्यच नसेल तर सिस्टमडीच्या सेवेत प्रोसेसरचा वाटा बांधून द्या आणि एका वेळी एकच काम ठेवा.

पायरी ८: भार टाकून पाहा

तिन्ही टप्पे आधी वेगवेगळे तपासा, मग एकत्र.

मेलच्या बाजूला पोस्टफिक्ससोबत येणारे 'एसएमटीपी-सोर्स' पुरते. निवडलेल्या फॉरमॅटच्या सरासरी निरोपाएवढ्या, म्हणजे एमपी३ साठी १,१०,००० बाइटांच्या, २०० ईमेल एका वेळी दहा जोडण्यांवरून चाचणी-पेटीकडे सोडा आणि त्याच वेळी साध्या ईमेलचे 'डिलेज'चे चार आकडे पाहा. साध्या ईमेलचा मध्यक वेळ पायरी २ मधल्यापेक्षा दुपटीहून वाढला तर तपासणीचे दार वेगळे झालेले नाही किंवा प्रक्रिया कमी आहेत.

फोनच्या बाजूला 'सिप्प', म्हणजे चाचणीचे कॉल करणारे साधन. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारे कॉल ११ वर सुरू करा, मग ३० पर्यंत न्या. ३० कॉल चालू असताना एका खऱ्या फोनवरून स्वतः निरोप ऐका. आलेख काहीही सांगोत, आवाज तुटतो का हे कानच सांगतो. याच वेळी 'एफलॉक' काढून एकदा पाहिले तर त्याची गरज लगेच पटते.

आयमॅप रस्ता असेल तर डव्हकॉटच्या 'आयमॅपटेस्ट'ने ३०० लॉगिन एका मिनिटात टाका, आणि नंतर कामाच्या वेळेनंतर खरोखर स्विच बंद करून चालू करा. फोनवर एक दाबल्यापासून आवाज येईपर्यंत एक सेकंदाहून जास्त लागत असेल तर उभारणी पुढे नेऊ नका.

यंत्रे आभासी असतील तर दिवसा घेतले जाणारे स्नॅपशॉट (यंत्राच्या त्या क्षणाच्या प्रती) बंद करा. स्नॅपशॉटच्या क्षणी यंत्र थबकते. मेलला त्याचे काही नाही, चालू कॉलमध्ये मात्र आवाज गायब होतो. प्रोसेसरचा चोरीला गेलेला, म्हणजे दुसऱ्या आभासी यंत्रांना दिला गेलेला, वेळ 'टॉप'मध्ये सातत्याने दिसत असेल तर ईपीएबीएक्ससाठी प्रोसेसर राखून घ्या.

पायरी ९: लोकांना देताना

सुरुवात ज्यांना निरोप कमी येतात अशा विभागापासून नको, कारण त्यातून काही कळत नाही. विक्री किंवा ग्राहकसेवेचे २५ जण घ्या आणि त्यांच्यावर पूर्ण आठवडा जाऊ द्या. या काळात मूळ निरोप खोडण्याची सेटिंग बंद ठेवा, म्हणजे ईमेल हरवला तरी ईपीएबीएक्सवर प्रत राहते. अॅस्टरिस्कमध्ये एका फोल्डरात मूळ मर्यादा १०० निरोपांची आहे. ती भरली की नवे निरोप घेतले जात नाहीत, तेव्हा या काळात जुने निरोप हलवणारी रात्रीची स्क्रिप्ट लावा.

रोज तीन आकडे पाहायचे: ईपीएबीएक्सवरच्या छोट्या पोस्टफिक्सची रांग, निरोपाची सरासरी लांबी आणि साध्या ईमेलचा दुसरा 'डिलेज'. रांग शून्यावर येत नसेल तर मुख्य सर्व्हरचे दार किंवा त्याची परवानगी तपासा. लांबी वाढली तर अॅनालॉग लाइन पाहा. दुसरा डिलेज वाढला तर पुढचे २५ जण जोडण्याआधी तपासणीच्या प्रक्रिया वाढवा. ईपीएबीएक्सवर रेकॉर्ड झालेले निरोप आणि मुख्य सर्व्हरवर पोचलेले ईमेल यांची संख्या रोज रात्री जुळली पाहिजे. सलग दहा कामकाजाचे दिवस ती जुळली, की मगच मूळ निरोप खोडण्याची सेटिंग चालू करा.